विलायतेंतील खेड्याची जत्रा



जत्रा म्हटली की आपणांस पालखी, तमाशाचा फड व कुस्तीचा आखाडा आठवतो. इंग्लंडांतील खेड्यांतही उन्हाळ्यांत, जून-जुलैच्या सुमारास, एखादा शनिवार असाच गजबजतो. त्यास तेथें 'फेट' म्हणतात. यांत नवससायास नाहींत. चर्चचें छप्पर गळतें, गांवच्या सभागृहाची डागडुजी हवी, मग गांव मैदानावर मांडव घालून पैसा उभा करतें. किती जमले तो आंकडा पुढें चर्चच्या मासिकांत छापतात. आपल्या किती जत्रांचा हिशेब देवळाच्या भिंतीवर लागतो, तें तुम्हीच सांगा!

खेळ साधे. खांबावरचा नारळ लांकडी चेंडूनें पाडावा. पाडील त्याचा नारळ. त्या थंड मुलखांत नारळ पिकत नाहीं, म्हणून ही हौस. कोंकणांतल्या माणसास हसूंच येईल. पूर्वीं चेंडू नेमका टाकणारास जिवंत डुक्कर बक्षीस मिळे. मजुराच्या घरीं त्यांत हिवाळ्याच्या मांसाची व चरबीची बेगमी होई.

चहा, केक, मुरंबे बहुधा बायकांकडे. त्यांची 'विमेन्स इन्स्टिट्यूट' ही संस्था १९१५ सालीं वेल्समधील अँगलसी बेटावर सुरू झाली. १९४० सालीं, महायुद्धांत, सरकारनें साखर पुरविली आणि या खेडवळ बायांनीं वायां जाणाऱ्या फळांचे मुरंबे घातले.

पण आम्हांस थांबावेंसें वाटतें तें भाज्यांच्या टेबलापाशीं. कांदे, गाजरें, शेंगा ओळीनें मांडलेल्या असतात आणि परीक्षक त्या निरखून पाहतात. १७५० ते १८५० च्या दरम्यान पार्लमेंटनें हजारों कायदे करून गांवोगांवचीं गायरानें कुंपणांत घातलीं. गरिबाची गाय गेली, सरपण गेलें. पुढें कित्येक जमीनदारांनीं मजुरांस भाजीपाल्यापुरते तुकडे खंडानें दिले, तेही रविवारीं चर्चला जावें, वर्तन नीट ठेवावें अशा अटींवर. प्रदर्शनांत झोंपडीवाल्यांचा वर्ग निराळा असे आणि बक्षीस बहुधा त्याच मोठ्या घराण्याच्या हातून! गायरान नेणारा हात, आणि कांद्याला शाबासकी देणाराही तोच. मजूर टोपी काढून तें घेई, कारण पुढच्या वर्षीं तो तुकडा पुन्हां हवा असे.

१९०८ च्या कायद्यानें मागणी झाल्यास असे तुकडे पुरविणें हें स्थानिक कौन्सिलांचें कर्तव्य ठरलें. आज त्या टेबलावरचे पुष्कळसे कांदे कौन्सिलास भाडें भरून घेतलेल्या वाफ्यांतले असतात, आणि ते मांडणारा टोपी डोक्यावरच ठेवतो.