ताडपत्रीखालची टाटा इस्टेट

 

दोन वर्षे आमच्या अंगणात ताडपत्रीखाली काय दडले आहे, असे बऱ्याच जणांनी विचारले. ती टाटा इस्टेट आहे. टेल्कोने १९९२ साली पुण्यातून बाजारात आणलेली, १९४८ सीसी डिझेल इंजिनाची स्टेशन वॅगन. टाटामोबाइल पिकअपची ही बहीण, म्हणून इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात. दारांच्या रबरपट्ट्यांसाठी मात्र जुन्या बाजारात चपला झिजवाव्या लागतात.

"आधी रंग द्या हो," असा सल्ला सगळे देतात. रंग सर्वांत शेवटी! रेल्वेत डबा पीओएचला आला की आधी सांगाडा पाहतात, तीच रीत घरी. दारांखालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. तो कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या टाचल्या. नाहीतर चौकट बसते आणि दार पुन्हा लागत नाही. वेल्डिंगही सलग नाही, एक टाका इथे, एक तिथे. तापला की पत्रा वाकतो. डिझेलची टाकी आधी उतरवायची आणि बॅटरीची वायर काढायची. यात हयगय नको, अंगणात मुले खेळतात.

२०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजचा मान पन्नाशीनंतर. आमची बाई तिशीतली! पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओची तपासणी. पास झाली तर रस्त्यावर, नाहीतर भंगारवाल्याकडे. तपासणी पुढच्या महिन्यात आहे आणि ब्रेकचे काम बाकी आहे. रविवारी सकाळी आठला या, पेडल दाबायला एक माणूस हवाच आहे. चहा आमच्याकडे.