पिरेनीजची प्रदक्षिणा: फ्रान्स-स्पेनमधला मोटारप्रवास कसा आखावा



फ्रान्स आणि स्पेन स्वतः गाडी चालवत पाहायचे, असा बेत बऱ्याच घरांत ठरतो. कुणाची मुलगी तिकडे शिकायला असते, कुणी निवृत्तीनंतर निवांत फिरायचे म्हणतो, कुणाला ठरलेल्या बसमधून ठरलेल्या वेळी उतरायचा कंटाळा आलेला असतो. बेत उत्तम आहे. पण तो कागदावर उतरवताना बहुतेक जण एकच गोष्ट करतात. पॅरिसवर बोट ठेवतात, ते खाली ग्रानाडापर्यंत नेतात आणि मधली सगळी प्रसिद्ध शहरे ओळीने लिहून काढतात. पॅरिस ते ग्रानाडा हे अंतर एका बाजूनेच 1700 किलोमीटरच्या आसपास आहे. दोन आठवड्यांत एवढे कापायचे म्हणजे सुट्टीचा मोठा भाग महामार्गावर जातो, आणि महामार्ग फ्रान्सचा काय, स्पेनचा काय, थोडाफार सारखाच दिसतो.

म्हणून आज माझा आग्रह असा आहे की दोन देश पाहायला निघू नका. दोन देशांमध्ये उभा असलेला एक पर्वत पाहायला निघा. तो पर्वत म्हणजे पिरेनीज.

पश्चिमेला बिस्केचा उपसागर आणि पूर्वेला भूमध्य समुद्र, यांच्या मध्ये सुमारे 430 किलोमीटर लांबीची ही रांग आहे. तिचे सर्वांत उंच शिखर आनेतो, 3404 मीटर. 1659 साली झालेल्या पिरेनीजच्या तहाने फ्रान्स आणि स्पेनची सीमा प्रामुख्याने याच रांगेवर ठरवली. ही भिंत इतकी सलग आहे की तिच्या पलीकडे नेणारे मोठे मोटारमार्ग आजही फक्त दोन टोकांना, समुद्राकाठाने जातात. मधून जायचे तर घाट किंवा बोगदे. अटलांटिकवरून येणारे ढग उत्तरेच्या उतारावर, म्हणजे फ्रान्सच्या बाजूला रिकामे होतात, म्हणून तिकडे हिरवी कुरणे आणि धबधबे. दक्षिणेकडे, स्पेनच्या आरागॉन प्रांतात, ऊन, पिवळी जमीन आणि दगडी गावे. एकच डोंगर, पण दोन्ही अंगांचे हवामान, जेवण, घरांची छपरे, सगळे वेगळे. दोन देशांतला फरक समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

त्यासाठी माझा बेत असा: फ्रान्समधल्या तुलूझ शहरातून निघून पुन्हा तुलूझलाच यायचे. आधी पूर्वेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला, असे जायचे. पर्वत सतत उजव्या हाताला राहतो. देवळात घालतो तशी ही सरळ प्रदक्षिणाच होते. मुख्य वाट सुमारे 1300 किलोमीटरची. आडवाटा धरून 1700 धरा. तेरा-चौदा दिवसांत हे आरामात होते. सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा एकच असण्याचा रोकडा फायदाही आहे. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली, तर भाड्याने देणारे त्याचे वेगळे आणि घसघशीत पैसे लावतात. ते वाचतात.

आता वाट बघू. तुलूझहून कार्कासोन जेमतेम 95 किलोमीटर. पहिल्या दिवशी एवढेच. या वाटेवर मिदीचा कालवा सोबतीला असतो. पिएर-पॉल रिके या माणसाने तो 1666 ते 1681 या काळात खोदवला आणि तुलूझ शहर भूमध्य समुद्राशी पाण्याने जोडले गेले. कार्कासोनला दुहेरी तटबंदीचे आख्खे मध्ययुगीन गाव टेकडीवर उभे आहे. दिवसा तिथे गर्दी असते. गावात मुक्काम केला, तर संध्याकाळी आणि सकाळी तट निवांत हिंडता येतो.

तिथून समुद्रकाठच्या कोलिऊर या गावी. 1905 च्या उन्हाळ्यात मातीस आणि दरॅं हे चित्रकार इथे राहिले आणि त्यांच्या भडक, मोकळ्या रंगांनी चित्रकलेला नवे वळण दिले. याच गावात स्पॅनिश कवी आंतोनियो माचादो यांची कबर आहे. 1939 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाचा पराभव होत असताना, साडेचार लाखांच्या आसपास माणसे थंडीत ही सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आली. माचादो त्यांच्यातच होते आणि काही आठवड्यांतच इथे वारले. कोलिऊरहून स्पेनमध्ये जाताना महामार्ग टाळा आणि पोर्तबूवरून जाणारा किनाऱ्याचा वळणावळणाचा रस्ता धरा. त्या माणसांच्या वाटांपैकी ही एक होती. सीमेवर आज बहुधा कुणी अडवत नाही. तरी फ्रान्सचे पोलीस अधूनमधून तपासणी करतात, म्हणून पासपोर्ट सामानाच्या तळाशी ठेवू नका.

पुढे फिगेरेसला साल्वादोर दालींनी स्वतः उभारलेले संग्रहालय आहे, आणि मग जिरोना. इथे तीन रात्री राहा. बार्सिलोनाला गाडी नेऊच नका. गाडी जिरोनात उभी करा आणि वेगवान रेल्वेने जा. चाळीस मिनिटांत शहराच्या मध्यात पोचता. मोठ्या शहरात गाडी म्हणजे पार्किंगचा खर्च, अनोळखी एकेरी रस्ते आणि प्रदूषणामुळे जुन्या गाड्यांवर घातलेली बंधने. हा नियम प्रत्येक मोठ्या शहराला लावा. पॅरिस पाहायचेच असेल, तर ते आधी पाहा आणि रेल्वेने तुलूझला या. गाडी त्यानंतर ताब्यात घ्या.

जिरोनाहून लेइडा, बार्बास्त्रो करत ऐन्सा. हा एकच मोठा पल्ला आहे, साधारण 320 किलोमीटरचा. ऐन्सा आणि हाका या आरागॉनमधल्या गावांच्या परिसरात तीन रात्री ठेवा, कारण या सगळ्या प्रवासाचे मर्म इथे आहे. ऑर्देसाचे राष्ट्रीय उद्यान 1918 पासूनचे. त्याच्या दरीत चालायला जायचे. उन्हाळ्यात खासगी गाड्यांना आत बंदी असते. तोर्ला गावात गाडी ठेवून तिथल्या बसने पुढे जावे लागते. हाकाहून वर गेले की कानफ्रान्कचे रेल्वे स्थानक आहे, दोनशे मीटरहून लांब, राजवाड्यासारखे. 1928 मध्ये स्पेनचा राजा आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष यांनी मिळून त्याचे उद्घाटन केले. 1970 मध्ये मालगाडीच्या अपघातात फ्रान्सच्या बाजूचा पूल कोसळला आणि दोन देशांमधली ही रेल्वे थांबली. आज त्या इमारतीत हॉटेल आहे. तिथून जवळच 8.6 किलोमीटरचा सोम्पोर बोगदा सरळ फ्रान्समध्ये उतरतो. त्याला टोल नाही. हवा बिघडली किंवा कुणी आजारी पडले, तर प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडून परतायला हीच वाट उपयोगी पडते. बेत आखताना अशी एक परतीची वाट हाताशी असावीच.

पुढे पाम्प्लोना आणि सान सेबास्तियन. पाम्प्लोनात 6 ते 14 जुलै या काळात बैलांच्या धावण्याचा सान फेर्मिन उत्सव असतो. तो पाहायचा नसेल, तर त्या तारखा टाळा, कारण खोल्या मिळत नाहीत. इथून बास्क प्रदेश सुरू होतो आणि पाट्या दोन भाषांत दिसतात. सान सेबास्तियनसाठी ‘दोनोस्तिया’ आणि पाम्प्लोनासाठी ‘इरुन्या’ ही नावे आधीच वहीत टिपून ठेवा, नाहीतर चौकात गोंधळ उडतो. मग बियारित्झवरून पुन्हा फ्रान्स, पो शहरातून दिसणारी पिरेनीजची पूर्ण रांग, लूर्दचे तीर्थक्षेत्र, आणि वेळ असेल तर गाव्हार्नीचा अर्धवर्तुळाकार कडा. त्यावरून 400 मीटरहून उंच धबधबा कोसळतो. तिथून तुलूझ.

ऋतू कोणता? जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुट्टीवर निघतो. तिथले सरकार रोजच्या वाहतुकीचा अंदाज हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा अशा रंगांत आधीच जाहीर करते. काळ्या दिवशी गाडी बाहेर काढू नका. हिवाळ्यात तूर्मालेसारख्या 2115 मीटर उंचीच्या खिंडी बर्फाने बंद असतात, आणि 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात फ्रान्सच्या डोंगराळ भागात हिवाळी टायर किंवा साखळ्या लागतात.

आता कागदपत्रे. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, म्हणून व्हिसा एकच. पण अर्ज कुणाकडे करायचा, हे विमान कुठे उतरते यावर ठरत नाही. रात्री मोजा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. मी सांगितलेल्या बेतात स्पेनमधल्या रात्री जास्त होतात, म्हणून तुलूझला उतरत असलात तरी अर्ज स्पेनकडे. रात्री समसमान असतील, तर जिथे पहिला प्रवेश, तो देश. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. आणि एक सावधगिरी. याच डोंगरात आंदोरा नावाचा छोटा देश आहे. खरेदीसाठी तिथे डोकवावेसे वाटते. पण आंदोरा शेंगेनमध्ये नाही. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर तिथे जाणे म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणे होते. अनेक प्रवेशांचा व्हिसा नसेल, तर आंदोरा टाळा.

आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो. त्याच्यासोबत मूळ परवानाही जवळ लागतोच. गाडी नोंदवताना तीन गोष्टी लेखी घ्या: गाडी दुसऱ्या देशात नेण्याची परवानगी, विम्यात तुमच्यावर किती रक्कम येते, आणि दुसऱ्या चालकाचे नाव. अनामत रक्कम बहुधा चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, त्यामुळे कार्डाची मर्यादा बघून जा. ऑटोमॅटिक गाड्या तिकडे तुलनेने कमी असतात आणि महाग पडतात, पण माझा सल्ला आहे की तीच घ्या. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडे, एवढे नवेपण पुरे आहे. त्यात उजव्या हाताने गिअर नको. आणि रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच गाडी चालवायला बसू नका. पहिली रात्र तुलूझमध्ये झोपून काढा.

रस्त्याचे नियम थोडे, पण कडक. फ्रान्समध्ये मोटारमार्गावर ताशी 130, पाऊस असेल तर 110. स्पेनमध्ये 120. दुहेरी वाहतुकीच्या साध्या रस्त्यांवर फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी 80 आणि स्पेनमध्ये 90. गावात शिरलात की 50, आणि बऱ्याच गल्ल्यांत 30. कॅमेऱ्याने टिपलेला दंड भाड्याच्या कंपनीमार्फत घरापर्यंत येतो, आणि कंपनी वर आपले शुल्क लावते. गोल चौकात उजवीकडे वळून घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे आणि चौकात आधीपासून असलेल्याला आधी जाऊ द्यायचे. फ्रान्समध्ये पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. हे आपल्या सवयीत नाही, म्हणून मुद्दाम लक्षात ठेवा. या डोंगरात सायकलस्वार खूप असतात. त्यांना ओलांडताना दीड मीटर अंतर सोडा, आणि हॉर्न वाजवून घाबरवू नका. मोबाइल हातात नको. मदतीसाठी दोन्ही देशांत क्रमांक 112.

फ्रान्सच्या बहुतेक मोटारमार्गांवर टोल आहे. नाक्यावर चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे. स्पेनमध्ये अनेक मार्ग टोलमुक्त झाले आहेत. फ्रान्सच्या सीमेपासून बार्सिलोनाकडे जाणारा मार्ग 1 सप्टेंबर 2021 पासून मोकळा आहे. पंपावर नावांत अडकू नका, खुणा बघा. वर्तुळात E ही खूण म्हणजे पेट्रोल, चौकोनात B ही खूण म्हणजे डिझेल. तीच खूण गाडीच्या टाकीच्या झाकणाशीही असते. स्पेनमध्ये रस्त्याकडेच्या निळ्या रेषा म्हणजे पैसे भरून पार्किंग, पिवळी रेष म्हणजे मनाई. गाडी उभी करून जाताना आत काहीही दिसेल असे ठेवू नका.

जेवणाच्या वेळा दोन्हीकडे वेगळ्या. फ्रान्सच्या छोट्या गावांत दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होते. स्पेनमध्ये दुपारचे जेवण त्याच सुमाराला सुरू होते आणि रात्रीचे नऊनंतर. सीमा ओलांडायच्या दिवशी याचा विचार करा. शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेली घरे भाड्याने घ्यावीत आणि आठवडी बाजारात भाजी, चीज, पाव घ्यावा. भाजीच्या किंवा डाळीच्या पदार्थातही मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून विचारूनच मागवा. फ्रान्समध्ये रविवारी दुपारनंतर बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच सामान भरा.

आणि शेवटी बेताचे गणित. एका दिवसात शक्यतो 200 किलोमीटरच्या वर नको, आणि डोंगरात असाल तर ताशी चाळीस-पन्नासचाच वेग धरा. दर दोन तासांनी थांबा. शक्य तिथे एका जागी दोन रात्री राहा, कारण ज्या गावात दुसरी सकाळ उगवते, तेच गाव खरे कळते. तुमची यादी तयार असेल, तर आज ती पुढ्यात घ्या आणि त्यातली निम्मी नावे खोडा. उरतील ती ठिकाणे तुम्ही खऱ्या अर्थाने पाहाल.