खिडकीचा पडदा कोणासाठी?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मला घराच्या पडद्यांविषयी चार शब्द सांगण्यास सांगितले आहे. विषय ऐकून एकदोघी हसल्या. पडद्यांत काय सांगायचे? दुकानात जावे, डोळ्यांत भरेल तो घ्यावा आणि दांड्यावर चढवावा! पण आपल्या भिवंडीत रात्रंदिवस माग चालतात, कापडाचे तागेच्या तागे गावाबाहेर जातात, आणि आपल्याच खिडकीला कोणते कापड शोभेल व सोसेल हे मात्र आपण पाच मिनिटांत ठरवतो. मग पुढची सहा-सात वर्षे त्या पडद्याआड दिवस काढायचे असतात, ते आपल्याला.

पडदा घेताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा पाहुणे असतात. हळदीकुंकवाला बायका येतील, मुलीला पाहायला मंडळी येतील, तेव्हा घर भारदस्त दिसले पाहिजे. पाहुणे तासाभरात चहा घेऊन जातात. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की पडदा निवडण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. या खोलीत दिवसभर कोण असते, आणि त्याला काय हवे आहे? उजेड, वारा, आडोसा की अंधार? याचे उत्तर मिळाले की निम्मी निवड झालीच म्हणून समजा.

आता दुसरी गोष्ट. खिडकीचे तोंड कोणीकडे आहे ते पाहावे. पूर्वेचे ऊन कोवळे, ते आत येऊ द्यावे. तेथे पातळ सुती पडदा पुरे. दक्षिणेच्या खिडकीला लोक उगाच भितात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा ऊन खोलीत लांबवर येते आणि थंडीत ते हवेसेच वाटते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जाही पुरतो. उलट उत्तरेच्या खिडकीतून त्याच दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन डोकावते. खरा छळ पश्चिमेचा. तीन वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत ऊन छज्जाखालून सरळ आत घुसते, भिंत तापते, आणि रात्री अकरापर्यंत ती भिंत धग सोडत राहते. पैसे थोडे असतील तर ते सगळे पश्चिमेच्या खिडकीवर खर्चावेत. बाकीच्या खिडक्या वाट पाहतील.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऊन काचेच्या आत आले की ते आपले झाले. आतला पडदा कितीही जाड असला तरी तो स्वतः तापतो आणि ती धग खोलीतच राहते. तेच ऊन काचेच्या बाहेर अडवले तर धग बाहेरच्या बाहेर जाते. आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या, पडवीला बांबूचे चिक, कोकणात माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, हे सारे बाहेरून लावायचे होते. आजही गॅलरीला बांबूचा चिक सोडता येतो, हिरवी शेडनेटची जाळी ताणता येते, किंवा कुंड्यांत मधुमालती, गोकर्ण चढवता येते. फक्त चिक खालून दोन ठिकाणी बांधावा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात तो शेजारणीच्या दारात सापडेल! ज्यांना बाहेर काही लावणे शक्य नाही, त्यांनी आतल्या पडद्याची बाहेरची बाजू पांढरी किंवा फिक्या रंगाची ठेवावी. फिका रंग ऊन बराचसा परतवतो, गडद रंग ते पिऊन टाकतो. शिवाय गडद रंग विटतोही लवकर.

नागपूर-अकोल्याकडे सासर किंवा माहेर असलेल्या बायका वाळ्याच्या पडद्यांची फार तारीफ करतात. तारीफ खरी आहे. तिकडची हवा कोरडी. ओल्या वाळ्यावरचे पाणी झपाट्याने उडते आणि वारा गार होऊन आत येतो. पण आपली हवा खाडीची, दमट. येथे पाणी उडतच नाही, म्हणून गारवा थोडा आणि ओल मात्र भरपूर. सुगंधासाठी वाळा जरूर आणावा. उन्हाळ्यावर आपला उपाय एकच, वाहता वारा. म्हणून येथे असा पडदा हवा, की जो ऊन अडवील पण वारा अडवणार नाही.

आता आपल्या गावची एक खास अडचण सांगते. येथे पुष्कळ ठिकाणी माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. ज्या घरचा माणूस रातपाळीला जातो, त्या घरी त्याची रात्र सकाळी आठला सुरू होते. एका शेजारणीच्या घरी एकच खोली. मालक सकाळी येऊन आडवे होत. ती बिचारी भांडे खाली ठेवताना हातावर ठेवी, मुलांना जिन्यात बसवी, आणि तरीही माणसाला झोप नाही ती नाहीच. डोळ्यांवर ऊन! अपुऱ्या झोपेने मागावर उभे राहणे म्हणजे बोटांशी खेळ. शेवटी तिने पाटिशनसारखा एक पडदा खोलीत आडवा लावला आणि खिडकीच्या पडद्याला काळे सुती अस्तर दिले. पडदा चौकटीच्या मापाचा न करता दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच आणि वर सहा इंच जास्त घेतला, कारण उजेड कापडातून येतो त्याहून अधिक कडेच्या फटींतून येतो. दारावरची झरोक्याची जाळी मात्र उघडी ठेवली, म्हणजे कोंदट होत नाही. आता तिकडे माणूस झोपतो आणि इकडे मुले अभ्यास करतात. पडद्याने मागाचा खडखडाट थांबत नाही, हेही सांगून ठेवते. दुकानदार काहीही म्हणो, आवाजाला खिडकीच लावावी लागते.

यानंतर आडोशाचा प्रश्न. तळमजल्यावर, गल्लीच्या अंगाला राहणाऱ्या भगिनींना मी काय म्हणते ते समजेल. जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर आत पडते म्हणून खिडकीला जाड पडदा लागतो, तो सकाळी ओढला की रात्रीपर्यंत सरकत नाही. आतली बाई भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडते. मग डोळे दुखतात, डोके चढते, आणि सगळे म्हणतात, हिला घरात बसून काय होते! भगिनींनो, नजर माणसाच्या उंचीची असते, उजेड आभाळाच्या उंचीचा. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागालाच पडदा लावावा, वरचा अर्धा मोकळा सोडावा. चौकटीच्या मध्यावर तार किंवा बारीक दांडा ताणला की झाले. रस्त्यावरच्या माणसाला आतले दिसत नाही आणि वरून येणारा उजेड खोलीत खोलवर पोचतो. समोर उंच माडी असेल तर वरच्या भागाला विरळ कापड लावावे. पैशांत फार फरक नाही, पण त्या बाईच्या दिवसात फार फरक पडतो. घरात कोणाला खोकला असेल तर वारा खेळता असणे किती जरुरीचे, हे डॉक्टरही सांगतात. क्षयासारखा रोग कोंदट खोलीत एकाचा दुसऱ्याला लवकर लागतो.

विरळ पडद्याविषयी एक इशारा. दिवसा बाहेर उजेड व आत अंधार असतो, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की हेच उलटे होते, आणि गल्लीला सारा संसार दिसतो. नवा पडदा लावल्यावर रात्री एकदा दिवा लावून, बाहेर जाऊन स्वतः पाहून यावे. निजण्याच्या खोलीला म्हणून दोन पदर असावेत, दिवसासाठी विरळ आणि रात्रीसाठी दाट.

आता कापड आणि माप. सुती कापड हवेशीर, पण आटते. पॉलिस्टर आटत नाही, चुरगळत नाही, पावसाळ्यात चटकन वाळते, पण वारा कमी सोडते. आपल्या गावचे पुष्कळसे कापड मागावरून कोरेच निघते आणि रंगाई-छपाईला दुसरीकडे जाते. असे कोरे सुती कापड स्वस्त मिळाले तर घ्यावे, पण त्यात खळ असते, म्हणून शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कात्री लावावी. पडद्याला चुण्या पडायला हव्या असतील तर कापडाची एकूण रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट हवी. चार फूट रुंद व चार फूट उंच खिडकी धरा. ४८ इंच पन्ह्याचे दोन पट्टे घेतले की दुप्पट रुंदी झाली. लांबी खिडकीची ४८ इंच, खाली लोंबायला ६ इंच, वरची-खालची दुमड १० इंच, म्हणजे ६४ इंच. दोन पट्ट्यांचे सव्वातीन मीटर होतात. आटण्याची सोय म्हणून साडेतीन मीटर घ्यावे. आणि नवे कापड घ्यायलाच हवे असे कोठे आहे? साडेपाच मीटरच्या जुन्या सुती साडीत अशा लांबीचे तीन पट्टे निघतात. दोन खिडकीला, तिसऱ्याचा स्वयंपाकघराचा अर्धा पडदा. धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीतून वारा जसा येतो, तसा महागाच्या कापडातून येत नाही. काठ खाली आला की शोभाही येते.

स्वयंपाकघरात मात्र पडदा शेगडीपासून दूर हवा. सुती कापड भडकन पेटते, आणि पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटते. गॅसच्या जवळ खिडकी असेल तर तेथे पडदाच नको. तावदानाला दुधी कागद चिकटवावा.

हल्ली गुंडाळणारे आणि पट्ट्यांचे पडदे, ज्यांना ब्लाइंड म्हणतात, ते नव्या इमारतींत दिसू लागले आहेत. दिसायला सुबक, धूळ पुसायला सोपे. परंतु त्यांची ओढायची दोरी गळ्यात अडकून लहान मुले दगावल्याचे प्रकार परदेशांत पुष्कळ झाले आहेत. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून तयार मिळणाऱ्या अशा पडद्यांना मुलांच्या हाती येईल अशी लांब दोरी न ठेवण्याचा नियम तेथील धंद्याने स्वीकारला. आपल्याकडे दोरीचे अजूनही सर्रास मिळतात. घरात रांगते-चालते मूल असेल तर बिनदोरीचा मागावा, नाहीतर दोरी भिंतीवर पाच फुटांच्या वर खुंटीला गुंडाळून ठेवावी, आणि पाळणा, खाट, खुर्ची खिडकीपासून दूर सरकवावी.

शेवटी निगा. मागांच्या गावात सुताची रुई उडते, ती पडद्याच्या चुण्यांत बसते. आठवड्यातून एकदा पडदे बाहेर झटकावेत, दीड-दोन महिन्यांनी धुवावेत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि पडद्यामागच्या अंधारात दबा धरून बसतो. पडद्याने डास थांबत नाहीत, त्याला बारीक जाळीच हवी. मृग लागण्यापूर्वी जाड पडदे उतरवून, धुऊन, कडक उन्हात वाळवून कडुनिंबाच्या पाल्यासह बांधून ठेवावेत, आणि पावसाळ्यापुरते हलके, लवकर वाळणारे लावावेत. म्हणजे बुरशी धरत नाही आणि खोलीला कुबट वासही येत नाही.

भगिनींनो, पडद्याचे पैसे घरात कोणीही देवो, रंग कोणीही पसंत करो. पण त्या खिडकीशी बसून जी निवडते, शिवते, मुलांचा अभ्यास घेते, जो दिवसा झोपतो, जे म्हातारे माणूस दिवसभर रस्त्याकडे पाहत बसते, त्यांना आधी विचारावे. आणि त्यांत स्वतःला विसरू नये. दुकानात "कसा दिसतो?" असे विचारण्याआधी "याच्याआड आम्ही कसे राहू?" हे विचारावे, इतकीच माझी विनंती.