एचआयव्ही कशाने होतो, कशाने होत नाही

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण. मंडळाच्या आग्रहावरून लिहून देत आहोत.)



आरती झाली आणि प्रसाद व्हायचा आहे, अशा वेळी एचआयव्हीवर बोलायचं म्हणजे थोडी चुळबुळ होणारच. कार्यकारिणीतल्या एका काकांनी सुचवलंही होतं, "मधुमेहावर बोला, सगळ्यांच्या कामाचं आहे." मधुमेहावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही सरकारी प्रयोगशाळेत रक्त तपासणारी माणसं. घर देवासला, नोकरी बहुतेक धार जिल्ह्यात. दोन्हीकडच्या मराठी घरांत एक वाक्य सारखं कानावर येतं, "हा ए. बी. रोडवरच्या ट्रकवाल्यांचा आजार, आपल्या लोकांत हे नसतं." पवारांच्या राज्यापासून आपण इथे आहोत, शिकलेले, नोकरदार आहोत, हे खरं. पण रक्ताच्या नळीवर आम्ही नंबर लिहितो, आडनाव नाही.

ओळख पटणार नाही अशा बेताने एका घराबद्दल सांगतो. थोरला मुलगा गेला. बाहेर सांगितलं, टीबीने गेला. मागे राहिलेल्या सुनेची तपासणी झाली, तिला एचआयव्ही निघाला. तिचं औषध वेळेवर सुरू आहे, प्रकृती उत्तम आहे. पण घरात तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि चुकून मिसळू नये म्हणून दोन्हींवर नेलपॉलिशचा ठिपका. गणपतीत मोदक वळायला ती बसत नाही, म्हणजे तिला बसू देत नाहीत. तिच्या जाऊबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, तुम्ही लॅबवाले, खरं सांगा. मुलांनी तिच्या हातचं खाल्लं तर चालेल ना?"

आम्ही म्हटलं, "वहिनी, खुशाल खाऊ द्या. एका ताटात जेवली तरी काही होणार नाही."

असं ठामपणे का म्हणता येतं, ते समजून घेऊ. हा विषाणू माणसाच्या रक्तातल्या ठराविक पांढऱ्या पेशींत वाढतो. रक्त, वीर्य, योनीमार्गातला स्राव, आईचं दूध यांत तो संसर्ग होण्याइतक्या प्रमाणात असतो. लाळ, घाम, अश्रू यांतून तो पसरत नाही. शरीराबाहेर पडून वाळला की त्याची लागण करण्याची ताकद झपाट्याने जाते. समजा मोदक वळताना बोटाला चीर पडली आणि रक्ताचा थेंब उकडीत गेला. ते किळसवाणं होईल, उकड टाकून द्यावी, पण वाफेवर पंधरा मिनिटं ठेवलेल्या मोदकातून एचआयव्ही होत नाही. एक टॉवेल, एक संडास, एक अंथरूण, खोकला, शिंक, मुलाचा पापा, लेझीम खेळताना धरलेला हात, यांतल्या कशानेच होत नाही.

डासाचं प्रत्येक ठिकाणी विचारतात, मलेरियाच्या मुलखात ते साहजिकच आहे. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढून त्याच्या लाळेत येतो. एचआयव्ही डासात वाढतच नाही, तिथे तो पचून जातो. शिवाय डास चावतो तेव्हा आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही.

आता थोडं मद्रासला जाऊ, कारण या गोष्टीत एक मराठी घर आहे. आपल्या देशात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली, मद्रास मेडिकल कॉलेजात. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासला स्थायिक झालेलं, चामड्याच्या व्यापारातलं मराठी कुटुंब. आपल्यासारखंच, महाराष्ट्राबाहेर रुजलेलं. तेव्हा अनेकांना वाटे की हा परदेशी आजार, आपल्या संस्कारांच्या देशात यायचा नाही. डॉ. सुनीतींनी निर्मला सेल्लप्पन या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हाच विषय दिला. निर्मलांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, साधनं नव्हती म्हणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेऊन तपासले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. स्वयंपाकघरातल्या त्या फ्रीजमुळे घरात कोणाला काही झालं नाही. आज असं कोणी करू नये, आम्हाला तर त्यासाठी नोटीसच मिळेल, पण नेलपॉलिशचा ठिपका लावणाऱ्यांनी तो फ्रीज आठवावा.

१९९३ साली सुनीतीताईंनी वडील वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने संस्था काढली. ज्यांना इतर दवाखाने हात लावत नसत त्यांना त्यांनी तपासलं. एचआयव्ही असलेल्या मुलामुलींची लग्नंही त्या जुळवून देत. २०१५ साली त्या गेल्या, २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

दुसरं उदाहरण आपल्या देवासचंच. कुमार गंधर्व १९४८ साली इथे आले ते क्षयाचे रुग्ण म्हणून. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं. काही वर्षं ते अंथरुणाला खिळून होते, गाणं बंद, आणि भानुमतीताईंनी त्यांची शुश्रूषा केली. क्षय तर श्वासातून पसरतो! तरी या गावाने त्यांना ठेवून घेतलं, आणि पुढे त्यांचं गाणं हा आपला अभिमान झाला. श्वासातून पसरणाऱ्या रोगाच्या माणसाला ज्या गावात जागा मिळाली, तिथे श्वासातून न पसरणाऱ्या रोगाच्या सुनेला मोदकाच्या ताटाशी जागा नाही, हे आम्हाला फार लागतं.

मग भीती कुठे बाळगायची? सर्वांत जास्त लागण होते ती निरोध न वापरता केलेल्या शरीरसंबंधातून. यात पती-पत्नी आले. ती सून कुठे गेली नव्हती, तिच्याकडे आजार लग्नातून आला. आम्ही पत्रिका जुळवतो, छत्तीस गुण मोजतो, आणि रक्त तपासू म्हटलं की दोन्हीकडचे व्याही रागावतात. मुलामुलीने आपण होऊन, दोघांनी मिळून तपासून घ्यावं. यात अपमान कसला?

मग सुई. शरीराबाहेर विषाणू लवकर निकामी होतो म्हटलं, पण सिरिंजच्या पोकळीत अडकलेल्या रक्तात तो बराच टिकतो. म्हणून एकाच सिरिंजने नशा करणाऱ्यांत तो पसरतो. इंजेक्शन घेताना पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. जत्रेत गोंदवून घेण्याची हौस आता आपल्या मुलांनाही आहे, तिथे सुई प्रत्येकाला नवी आहे का ते बघा. न्हाव्याकडे नवं ब्लेड मागा. वस्तऱ्याने एचआयव्ही होण्याची शक्यता अगदीच कमी, पण कावीळ मात्र होऊ शकते. रक्तपेढीत प्रत्येक बाटली तपासूनच देतात. आणि रक्तदान करण्याने तर एचआयव्ही होतच नाही, तेव्हा मंडळाच्या शिबिराला या.

तिसरा मार्ग आईकडून बाळाला: गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना. इथे आमचा जीव सर्वांत जास्त अडकतो. काहीच उपचार नसले तर अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ जणांना लागण होते. आईला वेळेवर औषध आणि जन्मल्यावर बाळाला औषध दिलं तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. म्हणून दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत एचआयव्हीची चाचणी करून घ्यायची. "आमच्या सुनेला कशाला?" म्हणून ती टाळणाऱ्या सासूबाई आम्ही पाहिल्या आहेत. बाळ झाल्यावर लगेच साधी चाचणी करून घाबरूही नका. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. बाळाची चाचणी वेगळी असते, टाचेतून थेंब घेऊन सहा आठवड्यांनी करतात.

औषध आहे का? आहे. २००४ पासून सरकार ते फुकट देतं. बहुतेकांना रोज एक गोळी, जन्मभर, न चुकवता. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही, पण गोळी नियमित घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की चाचणीत मोजता येत नाही, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. २०११ साली ज्या मोठ्या अभ्यासाने उपचारामुळे लागण थांबते हे दाखवलं, त्यात सुनीतीताईंची संस्थाही सहभागी होती.

तपासणी जिल्हा रुग्णालयात फुकट होते. आधी समुपदेशक बोलतो, संमती घेतो, मग रक्त. पॉझिटिव्ह सांगण्याआधी आम्ही तीन वेगवेगळ्या चाचण्या करतो. लागण नुकतीच झाली असेल तर चाचणीत दिसत नाही, म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा यावं. कोणाला सुई टोचली किंवा जबरदस्ती झाली, तर वाट बघू नये. ७२ तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी सुरू केलेलं २८ दिवसांचं औषध लागण टाळू शकतं. निकाल गुप्त राहतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तो फोडायला मनाई आहे, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळा, भाड्याचं घर नाकारता येत नाही. तेव्हा धारच्या बाजारात गाठून "अमक्याचं काय निघालं हो?" असं आम्हाला विचारू नये. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा क्रमांक फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

प्रसादाच्या टेबलाशेजारी एक डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचा संकोच वाटतो त्यांनी नाव न घालता प्रश्न लिहावा. उद्याच्या आरतीनंतर आम्ही एकेक चिठ्ठी वाचून उत्तरं देऊ. आज निघताना मोदक घेऊन जा, सकाळपासून पंचवीस जणींनी मिळून वळले आहेत.