आधी रेकी, मग चढाई

फौजेत असताना अनोळखी मुलखात रेकी केल्याशिवाय आम्ही पाऊल टाकत नसू. निवृत्तीनंतर लिनक्स शिकायला बसलो आणि तोच नियम विसरलो. ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय न वाचताच निवडला. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. हिने चकार शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून सांगतो. आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि तो उघडून पाहा. मग उबंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवा. इन्स्टॉल न करताच वाय-फाय, आवाज, मराठी टायपिंग तपासता येतं.

टर्मिनलला घाबरू नका. पण ‘सुडो’ने सुरू होणारी कमांड समजल्याशिवाय चालवू नका, तिच्या हाती सगळे अधिकार असतात. ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचं नाव द्या, माहिती समोर येते. ‘क्यू’ दाबलं की बाहेर. रोज एकच कमांड शिका, वहीत लिहा.

१९९१ साली हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने हे काम सुरू केलं. आपण साठीनंतर शिकतोय. घाई कसली? जय हिंद!