मातीतील जिवाणू आणि पेटंट

(मानकोली, ता. भिवंडी, जि. ठाणे येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर तुम्ही वाल घेता. महिनाभराने एखादे रोप मातीसह अलगद काढून पहा. मुळांवर गाठी दिसतील. गाठ आतून गुलाबी असेल, तर रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला पुरवीत आहेत असे समजावे. गोदामांच्या गर्दीत या भागात जी खाचरे उरली आहेत, त्यांत हे जिवाणू बिनपगारी राबत असतात. "मग पाकिटावर पेटंट लिहिलेले असते ते कशाचे?" असे मघाशी एका काकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

पेटंट म्हणजे नव्या शोधावर ठराविक मुदतीसाठी मिळणारा हक्क. आपल्याकडे ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. निसर्गात सापडलेला जिवाणू हा शोध नव्हे, त्यामुळे तो कोणाच्याही नावावर होत नाही. मात्र माणसाने बदल घडवून तयार केलेल्या सूक्ष्मजीवाची गोष्ट वेगळी. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेलाचे विघटन करणारा जिवाणू तयार केला. त्यावर पेटंट देता येते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला, तोही पाच विरुद्ध चार मतांनी!

आपल्याकडचा दावा कोंबड्यांच्या गंबोरो रोगावरील लसीचा. लसीत जिवंत विषाणू आहे म्हणून पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला होता. जानेवारी २००२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितले की, तयार मालात सजीव आहे एवढ्यावरून तो तयार करण्याची प्रक्रिया नाकारता येणार नाही. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने वनस्पती, प्राणी आणि बियाणे पेटंटबाहेर ठेवले, सूक्ष्मजीवांना मात्र त्या मनाईतून वगळले. शेती करण्याच्या पद्धतीवर आपल्या देशात पेटंट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

जिवाणूचे वर्णन कागदावर कितीही केले तरी पुरत नाही. म्हणून अर्जदाराला त्याचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. असा पहिला संग्रह चंदीगडला २००२ साली मान्य झाला; नंतर पुण्यातही सोय झाली.

आता पाकिटाकडे वळू. पेटंट म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. पावडर स्वरूपातील रायझोबियमच्या दर ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. तेव्हा आधी पीकगट, जिवाणूंची संख्या आणि वापराची अंतिम तारीख पहा. उन्हात ठेवलेले पाकीट पेटंटचे असले तरी त्यातील जिवाणू मेलेलेच.

दुसरी गोष्ट नोंदींची. कडुलिंबाच्या तेलाने पिकावरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीवर डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले होते. त्याला हरकत घेतली गेली. सुनावणीत अभय फडके यांनी पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ साली घेतलेल्या चाचण्यांची साक्ष दिली. पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. आपल्याच शेतावरच्या चाचण्या तिकडे म्युनिचपर्यंत पोहोचल्या, हे मला फार मोलाचे वाटते. कोणता अर्क, किती प्रमाण, कोणते पीक, कोणती तारीख, हे तुम्हीही वहीत लिहित चला. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीतही ते घालून घ्या.

याउलट, एखादी गोष्ट खरोखरच नवी साधली असेल आणि तिच्यावर हक्क घ्यायचा असेल, तर मेळाव्यात सांगण्यापूर्वी विद्यापीठाकडे या. अर्जाआधी जाहीर झालेल्या गोष्टीचे नवेपण सहसा संपते. आम्ही शास्त्रज्ञही छापण्याच्या घाईत ही चूक करतो.

संशोधनासाठी माती किंवा मुळांच्या गाठी मागायला कोणी आले, तर नाव, संस्था आणि कारण लिहून घ्या. परदेशी कंपनी असेल, तर तिला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. ते पत्र आधी पहा, मग फावडे हातात द्या.

वालाच्या दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरते. गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.