सुईवर राहिलेले काम



कामगार संघटनेच्या माणसाने व्यासपीठावर यावे आणि पगारावर, बोनसवर बोलावे अशी रीत आहे. आज आम्ही घरातल्या एका पिशवीवर बोलणार आहोत. तिच्यात पाठ झालेला पण बाह्या राहिलेला स्वेटर असतो, जोडीविना एक मोजा असतो, क्रोशाचे अर्धे तोरण असते. चैत्र लागला की पिशवी खुंटीला जाते आणि घरातले पुरुष म्हणतात, "हिचे एक काम कधी पुरे होत नाही." हे वाक्य तपासून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम हवेची गोष्ट. सोलापुरात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. घामेजलेल्या बोटांत लोकर सुईवरून सरकत नाही, टाके घट्ट बसतात, आणि विणलेला भाग मांडीवर घोंगडीसारखा पडून राहतो. अशा दिवसांत लोकर बाजूला ठेवणे हा आळस नव्हे, शहाणपण आहे. सुताचे क्रोशाकाम मात्र चालते. सूत घाम टिपते, आणि तळहाताएवढा चौकोन एका बैठकीत पुरा होतो. असे चौकोन साठवून पुढे सवडीने जोडता येतात.

पण बाजूला ठेवण्याचीही रीत असते. टाके सुईवर न ठेवता जाड दोऱ्यात ओवून घ्यावेत. विणलेला भाग धुऊन सावलीत पुरता वाळवावा, कारण घामाने मळलेल्या लोकरीला कसर लवकर लागते. कोणती सुई, किती टाके, कितवी ओळ, याची चिठ्ठी सोबत ठेवावी. जे पुन्हा हाती धरावेसे वाटणार नाही, ते सरळ उसवून लोकर मोकळी करावी. गिरणीत एक पाळी सुटताना चालता माग दुसऱ्या पाळीच्या हाती जातो. त्या कापडाला कोणी अर्धवट म्हणत नाही. ही पिशवीदेखील एका ऋतूने दुसऱ्या ऋतूच्या हाती दिलेले काम आहे.

आता दुसरी बाजू पाहा. कोरड्या हवेत सुती धागा तुटतो, म्हणून गिरण्यांच्या विणकाम खात्यात हवेत ओल सोडीत. त्या ओलीने कामगार गुदमरू लागले, तेव्हा इंग्लंडने १८८९ साली कायद्याने तिला मर्यादा घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात त्यासाठी पंधरावे कलम घातले गेले. म्हणजे कारखान्यात धाग्यासाठी आणि माणसासाठी हवेचा विचार झाला. पत्र्याखालच्या खोलीत विणणाऱ्या बाईसाठी तो कोणी केला?

मागावर एका वेळी एकच काम चढते. सुया स्वस्त, म्हणून कामे चार चढतात, हे खरे. पण ती पुरी न होण्याचे मोठे कारण वेगळे आहे. बाईला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी. नळाला पाणी आले, मूल उठले, दारात पाहुणा आला, की सुई खाली. अर्धे राहिलेले विणकाम हा तिच्या मोडलेल्या वेळेचा हिशेब आहे.

हा प्रश्न घरगुती हौसेपुरता नाही. आंध्रातील नरसापूर भागात बायका क्रोशाची लेस विणीत आणि ती परदेशी विकली जाई. मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या श्रमांना 'फावल्या वेळचे काम' म्हटले जाई, आणि त्या नावाखाली मजुरी अगदी कमी राही. एकदा गृहिणी म्हटले की कामगार म्हणायला नको, ही ती युक्ती! आपल्या सोलापूरच्या विडी कामगार भगिनींना ही युक्ती समजावून सांगायला नको. १९६६ च्या विडी-सिगार कायद्याने घरी विडी वळणारीला कामगार म्हणून मान्यता दिली. पान घरी कापले, विडी घरी वळली, म्हणून श्रम हौसेचे होत नाहीत, हे तेव्हा कायद्याने मानले. मग सुईचेच श्रम निराळे का?

तेव्हा जी भगिनी विणकाम, भरतकाम वा शिवण मजुरीवर घेते, तिने नगावरचा दर मान्य करण्याआधी एक नग घड्याळ लावून विणावा. उसवून पुन्हा विणण्याचा वेळही त्यात धरावा. अर्ध्या झालेल्या कामाचे अर्धे पैसे आधी ठरवून घ्यावेत. उन्हाळ्यात मुदत वाढवून मागावी. हे एकटीने बोलले तर काम शेजारणीकडे जाईल, म्हणून गल्लीतल्या दहाजणींनी एकच दर सांगावा. संघटना याहून निराळी काही नसते.

आणि बंधूंनो, घरच्या पिशवीसाठी मजुरी कोणी मागत नाही. पण सायंकाळी पाणी भरावे, मूल सांभाळावे आणि तिला एक तास अखंड द्यावा. काम पुरे का होत नाही, याचे उत्तर त्या तासात मिळेल.